क्रँक सील दोनदा बदललं, पीसीव्ही व्हॉल्व्ह एकदाही काढून पाहिला नाही

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

आज दुपारी तुमच्या सर्व्हिस मॅनेजरने फोन ठेवला, त्यानंतर हे लिहितोय.

फेब्रुवारीत गाडीखाली ऑईल दिसलं. मागचं क्रँक सील, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा बाहेर येतो तिथे ऑईल अडवणारी रबरी कडी, गेलंय म्हणून तुम्ही गिअरबॉक्स उतरवला आणि ११,८०० रुपये घेतले. जुलैत तेच सील पुन्हा गळायला लागलं. पुन्हा गिअरबॉक्स उतरवला, पुन्हा पूर्ण मजुरी लावली. पाच महिन्यांत नवं सील का जावं, हा प्रश्न वर्कशॉपमध्ये एकालाही पडला नाही. ऑगस्टमध्ये ठिपके परत आले.

शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला गाडी दाखवली. त्याने चालू इंजिनवर ऑईलचं झाकण सैल केलं, तर आतून धूर फुस्सकन बाहेर आला. मग पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या पोटात साठणारा गॅस बाहेर सोडणारी छोटी झडप, काढून माझ्या कानाशी हलवला. चांगला असता तर खुळखुळ वाजला असता. हा मुका होता, आत काळा चिकट गाळ. पिस्टन रिंगांमधून खाली उतरणारा गॅस इनटेककडे, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या नळीकडे, जायची वाटच बंद. दाब वाढणार आणि सीलमधून ऑईल बाहेर पडणार. हे तुम्हाला मी सांगावं लागतंय! माझी शाळा घरापासून चार किलोमीटरवर आहे, इंजिन धड तापत नाही, आत ओल साठते. अशा गाडीचा हा व्हॉल्व्ह तर आधी बघायला हवा. नवा साडेतीनशेला आला.

हे सगळं आज मॅनेजरला शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, "सर, पाच वर्षांची गाडी आहे, थोडं ऑईल गळणारच. पार्किंगमध्ये पुठ्ठा टाका." मी विचारलं, व्हॉल्व्ह तपासला होता का? "तुम्ही मेकॅनिक आहात का?" मी म्हटलं, नाही, शिक्षक आहे, पण तुमच्याच पुस्तिकेतल्या वेळापत्रकात व्हॉल्व्ह तपासायचं छापलंय, पान माझ्यासमोर उघडं आहे. त्यावर, "सर, ते छापायचं म्हणून छापतात." आणि फोन ठेवला. पुठ्ठा टाका! बावीस वर्षं मुलांना शिकवतोय, इतक्या तुच्छतेने माझ्याशी कुणी बोललेलं नाही.

वडिलांनी तुमचीच गाडी चालवली, म्हणून मीही तुमचीच घेतली. वाईट त्याचंच वाटतं.

दुसऱ्या सीलचे सगळे पैसे मजुरीसकट परत हवेत. पहिल्या वेळी व्हॉल्व्ह का पाहिला नाही, याचं लेखी उत्तर हवं. आणि त्या मॅनेजरने स्वतः फोन करून माफी मागावी. पंधरा दिवस वाट पाहीन. नंतर सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करणार आहे. दोन्ही बिलं आणि जॉबकार्डं जपून ठेवली आहेत. जुना व्हॉल्व्हही गाळासकट पिशवीत बांधून ठेवलाय. आयोगासमोर तो हलवून दाखवीन.

आपला ग्राहक