उतारावरची फळ्यांची वाट

प्रिय विन्या,
स. न.

घरापासून विहिरीपर्यंत उताराला आडवी जाणारी फळ्यांची वाट करायची म्हणतोस आणि पत्रभर विचारतोस ते लाकडाचं. साग घेऊ की ऐन? अरे, लाकूड हा यातला सोपा भाग. डोकं पिकतं ते फळ्यांच्या खाली.

पहिला घोळ मापाचा. उतार 30 अंशांचा धरला, तर वाटेच्या रुंदीचे म्हणून जमिनीला टेप टेकवून मोजलेले साडेतीन फूट आडवे तीनच भरतात. मग फळ्या दोन्हीकडे तीन-तीन इंच बाहेर येतात आणि बोल सुताराला. टेप आडवी ताण, खालच्या टोकाला ओळंबा सोड, तो टेकेल तिथे खुंटी ठोक. साडेतीन फूट रुंदीला वरच्या आणि खालच्या खांबाच्या उंचीत दोन फुटांचा फरक पडतो. पण म्हणून खांब आधीच मापाने कापू नकोस. खड्डे कधीच सारखे होत नाहीत. सगळे उंचच उभे कर, पाण्याच्या नळीने पातळीच्या खुणा घे आणि जागेवरच करवत चालव. नळीत बुडबुडा राहिला की पातळी गेलीच.

आता पाया, खरा छळ इथे आहे. जांभ्याच्या उतारावर अर्धा पुरलेला धोंडा हमखास फसवतो. दिसतो कातळासारखा. पहारीने ठोकून बघ: अखंड कातळ खणखणतो, सुटा धोंडा बद्द वाजतो आणि कडेला पहार घालून रेटला तर किंचित हलतो. तो काढायचाच, कितीही जीव खाल्ला तरी. पावसात खालची माती भिजली की तो सरकतो. एक खांब दोन इंच खचला तरी वरची तुळई पिळवटते आणि स्क्रू उपटतात. अखंड कातळ लागला तर खणत बसू नकोस, भोक पाडून 12 मिमीची सळई सिमेंटात बसव. मातीत दीड ते दोन फूट खोल जा, आणि ही खोली खड्ड्याच्या खालच्या कडेने मोज. वरच्या कडेने मोजलीस तर खालच्या बाजूला पाया उघडाच राहतो. भरावाच्या मातीवर पाया नको म्हणजे नकोच.

काँक्रीट जमिनीच्या वर सहा इंच आण, त्यात गॅल्वनाइज्ड पट्टीची बैठक रोव आणि खांब काँक्रीटपासून इंचभर वर ठेव. वाळवी तरीही चढेल, पण तिची मातीची नळी डोळ्यांना दिसेल आणि खरवडता येईल. विहीर जवळ आहे, तेव्हा मातीत वाळवीचं औषध ओतू नकोस. खांबांना काजूच्या टरफलाचं तेल लाव, मात्र हातमोजे घालून, कातडी भाजते. चार फुटांहून उंच खांबांना तिरपे आधार हवेतच. वाटेच्या वरच्या अंगाला एक चर काढ, नाहीतर पहिल्याच मुसळधार पावसात खांबांच्या पायाभोवतीची माती वाहून जाईल.

बाकीचं सरळ आहे. 30 फूट लांबीला दर पाच फुटांवर एक, अशा खांबांच्या सात जोड्या. प्रत्येक जोडीवर आडवी तुळई, तिच्यावर लांबीत 3 बाय 4 इंचाचे तीन वासे. त्यांवर चार इंच रुंद, सव्वा इंच जाडीच्या फळ्या. मध्ये 6 मिमी फट धरली तर साधारण 85 लागतात. लाकूड ओलं असेल तर फट ठेवूच नकोस, सुकताना आपोआप पडते. फळीला सहा म्हणजे 510 स्क्रू. 75 मिमीचे, स्टेनलेसचेच घे. लोखंडी खिळ्यांनी ऐनावर काळे ओघळ येतात. आधी भोक पाड, नाहीतर ऐन चिरतो आणि स्क्रूची मान तुटते. म्हणून 600 आण.

ऐनच घे, पण गाभ्याचा. कडेचा पांढरट भाग असलेली फळी परत कर, वखारवाला काहीही म्हणो. फळ्यांवर वॉर्निश नको. पावसात शेवाळ धरणारच, ते काथ्याच्या ब्रशने घासत राहायचं.

खुंट्या ठोकल्यास की फोटो पाठव. खड्डे त्यानंतरच सुरू कर.

तुझा,
नंदू