लाकूड फोडायच्या यंत्रावर दाबाची पाटी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस आले की आमच्या दापोली तालुक्यातल्या वाड्यांमध्ये सकाळपासून कुऱ्हाडीचे आवाज ऐकू येत. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात बागांमधली जुनी आंब्या-फणसाची झाडे मुळासकट आडवी झाली आणि एवढे ओंडके हाताने फोडू शकतील अशी माणसे आता गावात राहिली नाहीत, हे आम्हा बागायतदारांच्या तेव्हाच लक्षात आले. त्यानंतर मिनी ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकवर, म्हणजे पंपाने दाबलेल्या तेलाच्या जोरावर, चालणारे लाकूड फोडायचे यंत्र मी घेतले. यंत्र उपयोगाचे आहे आणि ते वापरू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. मात्र लहान वर्कशॉपमध्ये तयार होणारे असे यंत्र विकताना ग्राहकाला जे सांगायला हवे ते सांगितले जात नाही, आणि त्याची किंमत ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला व माणसाच्या हाताला मोजावी लागते, म्हणून हे पत्र.

माझा ट्रॅक्टर 24 अश्वशक्तीचा आहे. त्याच्या मागे तेलाचे एकच तोंड आहे, ट्रॉलीचा जॅक उचलण्यासाठी दिलेले. ट्रॉली स्वतःच्या वजनाने खाली येते, त्यामुळे तेल त्याच वाटेने परतते. लाकूड फोडायचा जॅक मात्र तेलाच्या जोरावर पुढे जातो आणि तेलाच्याच जोरावर मागे येतो. त्याला तेल नेणारी एक वाट आणि थेट टाकीत परतणारी दुसरी वाट, अशा दोन वाटा लागतात. मला यंत्र जोडून देणाऱ्याने परतीचा पाइप गिअरबॉक्समध्ये तेल भरायच्या भोकात नुसता खुपसला आणि काम झाले म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेलाला फेस आला, ट्रॅक्टरची अवजारे उचलणारी लिफ्ट गचके देऊ लागली आणि पाइपला हात लावणे अशक्य झाले. परतीचे तेल वरून कोसळत असल्याने त्यात हवा मिसळत होती. शिवाय नव्या जॅकमध्ये आणि पाइपांमध्ये काही लिटर तेल गेले, तरी गिअरबॉक्समधली पातळी पाहून कमी पडलेले तेल भरावे, हे कोणी सांगितले नव्हते. मिनी ट्रॅक्टरमध्ये बहुधा गिअरबॉक्सचे आणि लिफ्टचे तेल एकच असते, म्हणजे गिअरबॉक्स हीच तेलाची टाकी असते, हे यंत्र जोडणाऱ्याला ठाऊक असायलाच हवे होते.

यंत्र ‘वीस टनांचे’ म्हणून विकले गेले होते. त्याचा जॅक आतून चार इंच व्यासाचा, म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे 81 चौरस सेंटिमीटर. माझ्या ट्रॅक्टरचा दाब चौरस सेंटिमीटरला दीडशे किलो. दोन्हींचा गुणाकार केला की जोर बारा टनांच्या आसपास येतो. वीस टन हवे असतील तर दाब अडीचशेच्या घरात न्यावा लागेल, आणि तेवढा दाब सोसण्यासाठी हा पंप बनवलेलाच नाही. जोर कमी पडतो अशी तक्रार केल्यावर मला ‘रिलीफ व्हॉल्व्ह थोडा आवळून घ्या’ असा सल्ला मिळाला. हा सल्ला जीवघेणा आहे. दाब मर्यादेबाहेर गेला की तेलाला वाट करून देणारा तो व्हॉल्व्ह पंप, पाइप आणि जवळ उभा असलेला माणूस यांच्या रक्षणासाठीच बसवलेला असतो. जोर वाढवायचाच असेल तर जॅक पाच इंची घ्यावा, म्हणजे त्याच दाबावर एकोणीस टन मिळतात. पण मग तेलही जास्त लागते. दोन फूट चाल असलेल्या चार इंची जॅकला पुढे जायला पाच लिटर तेल पुरते. मिनिटाला 20 लिटर देणाऱ्या पंपावर त्याला पंधरा सेकंद लागतात, तर पाच इंचीला तेवीस. जोर आणि वेग दोन्ही एकाच पंपातून मिळत नाहीत, हे विकणाऱ्याने आधी सांगावे. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. जॅक मागे येताना दांड्याच्या बाजूला जेवढे तेल शिरते, त्याहून जास्त तेल दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. दोन इंची दांडा असेल तर 20 लिटर आत जाताना जवळजवळ 27 लिटर बाहेर येते. म्हणून परतीचा पाइप जाड हवा. माझ्या यंत्राला तोच सर्वांत बारीक होता.

आता हाताची गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात आंब्याचा एक गाठाळ ओंडका फोडत होतो. ओंडका धरायला गडी आणि लिव्हरवर माझा पुतण्या. लिव्हर अशा बनावटीचा होता की पुढे ढकलून सोडला तरी तिथेच अडकून राही. पाचर गाठीवर टेकली, ओंडका हळूच कलला आणि त्याच्या व मागच्या पोलादी पट्टीच्या मध्ये गड्याचा हातमोजा सापडला. पुतण्याने लिव्हर केव्हाच सोडला होता, तरी जॅक पुढे सरकतच होता. सेकंदाला चार सेंटिमीटर, डोळ्यांना दिसेल इतका सावकाश. त्याने लिव्हर मागे खेचला तेव्हा मोज्याचे टोक चेपलेले होते आणि बोट केसाच्या अंतराने वाचले होते. हा संथपणाच फसवतो, कारण हात काढायला वेळ आहे असे वाटत राहते. पुढे जाणारा लिव्हर सोडताक्षणी आपोआप मधोमध येऊन जॅक थांबला पाहिजे, आणि ओंडका ठेवणाऱ्यानेच लिव्हर चालवला पाहिजे. धरणारा एक आणि चालवणारा दुसरा, ही रीत बंद व्हायला हवी. तेलाची गळतीही बोटाने चाचपू नये. सुईएवढ्या छिद्रातून दाबाखाली निघालेले तेल कातडीत घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आतले मांस सडू शकते आणि काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरे.

मळणी यंत्रांत शेतकऱ्यांचे हात गेले, तेव्हा कुठे धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम, 1983 हा केंद्राचा कायदा झाला. मळणी यंत्र बनवणाऱ्याला व विकणाऱ्याला त्यात परवाना आणि ठरावीक मानके लागू केली आहेत. शेतीतली इतर यंत्रेही अधिसूचना काढून त्यात आणण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. लाकूड फोडायच्या यंत्रांचा विचार कोणाचा हात जाण्याआधी व्हावा, ही शासनाला विनंती. दापोलीतच कोकण कृषी विद्यापीठाचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यांनी बाजारात मिळणारी चार-दोन यंत्रे मिनी ट्रॅक्टरला जोडून तपासली आणि कोणत्या ट्रॅक्टरला किती इंची जॅक, किती दाब आणि कसा लिव्हर योग्य, याचे मराठीत एक पानी पत्रक काढले, तर बागायतदारांचे आणि वेल्डिंगच्या दुकानांचेही भले होईल.

तोपर्यंत मी माझ्यापुरते तीन बदल केले आहेत. लिव्हर बदलला, परतीचा जाड पाइप फिल्टरमधून टाकीत तेलाच्या पातळीखाली सोडला आणि यंत्रावर पत्र्याची एक पाटी रिव्हेट केली. त्या पाटीवर जॅकचे माप, दीडशे किलो ही दाबाची मर्यादा आणि ‘एका वेळी एकच माणूस’ एवढाच मजकूर आहे. शेजारी यंत्र मागायला येतात तेव्हा ती पाटी त्यांना आधी वाचून दाखवतो, आणि त्यांच्या ट्रॅक्टरला परतीची वाट नसेल तर यंत्र देत नाही.

– एक आंबा-काजू बागायतदार, ता. दापोली, जि. रत्नागिरी