अप्पा, तुमची पाऊणकी बरोबर निघाली

तीर्थस्वरूप अप्पा,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र जिना उतरून तुमच्या हातात देता आलं असतं. पण मग "बरं बरं, ठेव तिथे" म्हणत तुम्ही ते पेपराखाली सरकवलं असतंत आणि विषय संपला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय. लोकमान्य नगरातल्या सगळ्यांनी वाचावं.

लेकीला मुंबईत नोकरी लागली तेव्हा सल्ले द्यायला अर्धं इंदूर दारात आलं होतं. कोणी म्हणे गेटवे बघा, कोणी म्हणे पर्स सांभाळा. मामेसासूबाईंनी जीरावनाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या आपल्या मसाल्याची, तीन पाकिटं दिली, "तिकडचे पोहे फिके असतात" म्हणून. (असतात, हे खरंच.) तुम्ही एकट्यांनी विचारलंत, "पोचणार कोणत्या तिथीला?" मला वाटलं, आता मुहूर्त काढताहेत! तेवढ्यात तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलंत आणि लेकीला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणायला लावलीत. तिला पाऊणकी ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. मलाही दोन पाऊण दीडच्या पुढे आठवेना. मग तुम्हीच म्हणालात: तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार. तिथीला पाऊणनं गुणायचं की मुंबईच्या भरतीची वेळ निघते. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तासांनंतर ओहोटी. पौर्णिमा झाली की पुन्हा एकापासून मोजायचं, आणि अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. गोदीत आयुष्य काढलेल्या माणसाला घड्याळाआधी पाणी कळतं, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी नुसतं हसले होते.

आम्हा इंदूरवाल्यांचं पाण्याचं वेळापत्रक एकच, दिवसाआड येणाऱ्या नर्मदेच्या नळाचं. समुद्रालाही येण्याजाण्याची वेळ असते, हे पुस्तकात वाचलं होतं, पण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरून जवळजवळ ६०० किलोमीटरवरच्या समुद्राची वेळ काढता येते हे पहिल्यांदा कळलं.

अवंतिकेनं सकाळी मुंबई सेंट्रलला उतरलो. त्या दिवशी तृतीया होती आणि तो सगळा दिवस लेकीची खोली लावण्यात, बादल्या नि हँगर आणण्यात गेला. दुसऱ्या दिवशी विनायकी चतुर्थी. चार पाऊण तीन. म्हणजे दुपारी तीनला भरती आणि सकाळी नऊला ओहोटी. तुम्ही सूचना लिहून दिलेल्या कागदावर होतंच, "हाजीअली, ओहोटीला."

पण आधी फजिती सांगते. दादरला चर्चगेटकडच्या फलाटावर तुमचा कागद हातात धरून उभ्या होतो. "इंडिकेटरवर एस म्हणजे स्लो, एफ म्हणजे फास्ट, महालक्ष्मीला स्लोच थांबते" हे तुम्ही खाली दोन रेघा मारून लिहिलं होतंत. गाडी आली, बायका चढल्या, आम्हीही चढलो. कागद वाचला, इंडिकेटर नाही! महालक्ष्मीचा फलाट खिडकीतून सर्रकन मागे गेला तेव्हा लेकीनं माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. मुंबई सेंट्रलला उतरून उलट्या गाडीनं एक स्टेशन मागे आलो. मात्र दारापाशी जाताना पुढच्या बाईला तुम्ही शिकवल्याप्रमाणे एकच शब्द विचारला, "सेंट्रल?" तिनं मान हलवली आणि मी तिच्या मागे लागले. लेक म्हणाली, "आई, तू तर इथलीच वाटतेस." तो एक शब्द मला फार उपयोगी पडला. पुढचे तीन दिवस मी तोच वापरला, नुसतं स्टेशन बदलून.

नऊला दहा मिनिटं कमी असताना हाजीअलीच्या पायवाटेवर होतो. दोन्ही बाजूंना काळे, ओले खडक पार दूरवर उघडे पडलेले. त्यांच्यावर हिरवं शेवाळ, खड्ड्यांत अडकलेलं पाणी, आणि बोटाच्या पेराएवढे खेकडे आडवे पळत होते. वास मात्र, अप्पा, तुम्ही सांगितला नव्हतात. आत जाऊन माथा टेकला, परत आलो. दुपारी खरं तर चर्चगेटला जायचं होतं, पण मला राहवेना. तुमचं गणित तपासायचंच होतं. तीनला पुन्हा त्याच जागी, काठावर उभी राहिले. खडक नव्हते. सकाळी जिथे खेकडे होते तिथे पाणी होतं आणि पायवाटेच्या कडेला लाटा थापा मारत होत्या. मोठ्या भरतीला ती वाट पाण्याखालीच जाते, असं शेजारच्या चणेवाल्यानं सांगितलं. मी घड्याळ पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "चार पाऊण तीन!" चणेवाला जरा दचकला.

तिथेच उभं राहून लेकीला तुमची गोष्ट सांगितली. आपल्या पाठीमागचा हा रस्ता एके काळी समुद्राची आत शिरायची वाट होती. इंग्रजांनी अठराव्या शतकात इथे बांध घातला, सात बेटं भरावानं हळूहळू एक झाली, पण पाणी आपली जुनी वाट विसरलेलं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातच दुपारी भरती होती. समुद्रच वर आलेला, तर गटाराचं पाणी जाणार कुठे? तुम्ही त्या रात्री गुडघाभर पाण्यातून चालत घरी पोचलात, हे सांगताना तुमचा आवाज बदलतो. मला वाटायचं, म्हातारा माणूस जुनं उगाळतोय. माफ करा. पहिल्या पावसाळ्यात लेकीला फोनवर काय विचारायचं, हे आता मला ठाऊक आहे: पाऊस किती, आणि भरती किती वाजता.

बाकी मुंबई आम्हीही सगळ्यांसारखीच पाहिली. मरीन ड्राइव्ह, सीएसएमटीची इमारत, दादरचा फुलबाजार. त्याचं वर्णन तुम्हाला काय सांगणार?

एक मात्र सांगायला हवं. तुमचा कागद दोन जागी जुना झालाय. तुम्ही एल्फिन्स्टन रोड लिहिलंय, तिथे आता प्रभादेवी अशी पाटी आहे. आणि दादरला मध्य रेल्वेच्या फलाटांचे आकडे आता आठपासून पुढे चालतात, एक नंबर फक्त पश्चिम रेल्वेचा. तुम्ही "एक नंबरवर ये" म्हणालात तर आता दोन माणसांची चुकामूक होणार नाही, ही तेवढी सुधारणा.

लेक परवा फोनवर विचारत होती, "आई, आज तिथी कोणती गं?" ऑफिस सुटल्यावर मैत्रिणींबरोबर वरळीला जायचं होतं तिला. मी उठून कॅलेंडर पाहिलं. एकादशी. अकरा पाऊण मला येईना, म्हणून बोटांवर केलं. सव्वाआठ ना?

रविवारी सकाळी पोह्यांना या, काकूंनाही घेऊन या. कागद मी जपून ठेवलाय. प्रभादेवीची दुरुस्ती पेन्सिलीनं केलीय, शाईनं तुम्हीच करा.

आपली,
समोरच्या जिन्यावरची