चेनकप्पीची खटखट

वसमत,
रविवार

चि. बाळास अण्णांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मी ‘जेवलास का’ आणि ‘पैसे आहेत का’ याच्या पुढं जात नाही, हे तुझी आई मला रोज ऐकवते. म्हणून लिहायला बसलो. दुकान बंद आहे, लाइट गेलेली आहे, हात मोकळे आहेत.

मागच्या मे महिन्यात तू पहिल्या पगारातून आम्हाला खोपोलीला इमॅजिका दाखवायला नेलंस. नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरच्या रांगेत एवढा वेळ उभं राहून ऐन दारात मी म्हणालो, माझा मणका दुखतोय, तुम्ही बसा. तुझं तोंड उतरलेलं मी पाहिलं. बाळा, मणका दुखत नव्हता.

तुम्ही वर गेलात आणि मी खाली चपला-पिशव्या सांभाळत उभा राहिलो. आपली नजर मिस्त्रीकामाची, त्यामुळं आधी यंत्र बघितलं. साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून नेते आणि माथ्यावर सोडून देते. तिथून पुढं मोटर नाही, इंजिन नाही. जेवढी उंची कमावली तेवढ्यावरच सगळी पळापळ. पुढचा एकही डोंगर पहिल्याएवढा उंच नसतो तो त्यामुळंच. घासण्यात आणि वाऱ्यात थोडं थोडं जातच राहतं. गरगर उलटं करणारा तो फेरासुद्धा खरा गोल नसतो, वर निमुळता, खाली पसरट, थेंबासारखा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत कंपासनं काढल्यासारखे गोल फेरे बांधले होते, त्यात लोकांच्या माना आखडल्या. रुळाला चाकं वरून असतात, बाजूनं असतात आणि खालूनही असतात. खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलर नावाच्या माणसानं १९१९ मध्ये घेतलं, हे मी नंतर तुझ्या बहिणीच्या मोबाइलवर बघितलं. त्या खालच्या चाकांमुळं गाडी रुळाला धरून राहते, आणि वर बसलेल्याला मात्र वाटतं, आता गेलो. मरण्याची एवढी चोख नक्कल! आणि लोक उतरून हसतात, परत रांगेत लागतात.

पण चढताना जी खटखट ऐकू येते ना, गाडी मागं घसरू नये म्हणून दात्यांवर पडणाऱ्या खिट्टीची, ती ऐकली आणि माझे पाय गार पडले. तो आवाज मी ओळखतो. बोअरमधून मोटर वर काढताना आपली चेनकप्पी असाच आवाज करते.

आता तुझ्या मिस्त्रीकाकाचं. तो कसा गेला हे तुला ठाऊक आहे. म्हणजे मी सगळ्यांना जे सांगितलं ते ठाऊक आहे. त्यानं पाणी मागितलं, डोकं माझ्या मांडीवर होतं आणि गेला. तसं झालेलं नाही.

पौषाचे दिवस होते. हळदीला पाणी चाललेलं, शिवारात मोटरी जळायला लागलेल्या. त्या दिवशी सकाळपासून आमची ती दुसरी मोटर. तिपाई उभी केली, चेनकप्पी अडकवली, तेवढ्यात तो म्हणाला, “जरा टेकतो.” बाभळीखाली बसला. मी पाठमोरा साखळी ओढत होतो, सालगडी पाना धरत होता, पाइप एकेक करून वर येत होता. मी त्याच्याशी बोलत होतो. हा माणूस याही खेपेला उधारी ठेवणार, असलं काहीतरी. तो हो-नाही म्हणत नव्हता. पण तसा तो कधीच हो-नाही म्हणायचा नाही. चार पाइप निघेपर्यंत मी बोलत राहिलो. पाचव्याला मोठा पाना मागायला वळलो.

मांडीबिंडीचं मी काकूसाठी रचलं. हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नकोस.

तू दिवाळीत विसरून गेलेलं गिल्गामेशचं पुस्तक डिक्शनरी उशाला घेऊन वाचलं. दोन महिने लागले. इराकात उरुक नावाचं शहर होतं, तिथल्या राजाची ही गोष्ट, मातीच्या विटांवर कोरलेली, हे तुला मी काय सांगणार. मला आवडला तो जॉर्ज स्मिथ. नोटांचे ठसे कोरणारा कारागीर, जेवणाच्या सुट्टीत ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन त्या विटा बघत बसायचा, आणि १८७२ मध्ये त्यातली महापुराची गोष्ट त्यानंच वाचून काढली. आनंदाच्या भरात म्हणे तिथंच कपडे काढायला लागला. पंडितानं असं केलं नसतं.

त्या राजाची आणि त्याच्या जिवलग मित्राची, एन्किडूची, ओळख मारामारीतून होते. हसू आलं. माझी आणि मिस्त्रीचीही तशीच झाली, शाळेच्या नळावर. पुढं चौदाव्या वर्षी आम्ही दोघं घरी न सांगता मालट्रकमध्ये बसून माळेगावला खंडोबाच्या जत्रेत गेलो. तेव्हाचा पाळणा लाकडी, चार डब्यांचा, दोन गडी वर चढून पायानं फिरवायचे. पहिल्याच फेरीला मी त्याच्या अंगावर ओकलो. त्याच्या हातात गोडीशेवेचा पुडा होता. त्यानं आधी पुडा बघितला, मग मला बघितलं, मग वरच्या वर पुडा भिरकावून दिला आणि ओरडला, “आणखी जोरात!” त्यानंतर जितक्या जत्रा झाल्या, आतल्या बाजूला तो, बाहेरच्या बाजूला मी.

एन्किडू मेल्यावर राजा सहा दिवस सात रात्री प्रेत सोडत नाही. नाकातून अळी पडते तेव्हा कुठं पुरू देतो. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि दोन दिवस हातात घेतलं नाही. आपण तर दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं होतं.

मग तो मरण चुकवायला निघतो. गोष्टीच्या एका जुन्या पाठात दारू विकणारी बाई त्याला सांगते, पोटभर खा, लेकरानं हात धरलाय त्याच्याकडं बघ. ते त्याला पटत नाही. मलाही त्या वयात पटलं नसतं. पुढं तो महापुरातून वाचलेला म्हातारा म्हणतो, अमर व्हायचंय ना, आधी सहा दिवस सात रात्री जागून दाखव. हा बसतो आणि बसल्या बसल्या झोपतो. म्हाताऱ्याची बायको रोज एक भाकर भाजून त्याच्या उशाशी ठेवते. उठल्यावर हा म्हणतो, आत्ताच तर डोळा लागला होता. तेव्हा त्याला भाकरी दाखवतात. पहिली वाळून खडंग, मधल्यांवर बुरशी, सातवी अजून विस्तवावर.

तिथं मी थांबलो. त्या दिवशी शिवारातून आणलेली अवजारांची थैली मी चार दिवस उघडली नव्हती. उघडली तर आत मिस्त्रीचं फडकं. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा. भाकर पापडासारखी झाली होती, बोटानं वाजवली तर वाजली. तोवर मला वाटत होतं, तो आत्ताच टेकलाय.

ही गोष्ट शोधायला इराकला जायची गरज नव्हती म्हणा. नामदेवांची नर्सी आपल्याच जिल्ह्यात. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली तेव्हा नामदेव पंचविशीचे. त्या समाधीचे अभंग मी पोरपणी टाळ कुटत म्हटलेत. त्यात मित्रासाठी कुणीतरी हंबरडा फोडतंय, हे तेव्हा कानातच शिरलं नाही. पुढं नामदेव ५४ वर्षं जगले, पार पंजाबात घुमानपर्यंत गेले. गिल्गामेशही चालतच सुटला होता. मी मात्र दुकानातली त्याची खुर्चीसुद्धा हलवली नाही. गिऱ्हाईक तिच्यावर बसायला गेलं की काहीतरी निमित्त काढून उठवतो. तुझी आई म्हणते, हे बरं नाही. असेल.

मार्गशीर्षात दोन दिवसांची सुट्टी काढ. माळेगावला जाऊ. आता तिथं विजेवरचे पाळणे येतात, खटखट करत नाहीत. आतल्या बाजूला बसायचं की बाहेरच्या, ते तूच ठरव. नवा शर्ट मात्र घालू नकोस.

आईनं शेंगदाण्याचे लाडू दिलेत, त्याच डब्यासोबत पुस्तक पाठवतोय. भाकरीच्या पानावर वार्निशचं बोट उमटलंय, ते माझं आहे. पुसायला गेलो तर अक्षरं निघायला लागली, म्हणून तसंच ठेवलं.

तुझे
अण्णा