सोनीला मशीन लावू देऊ नकोस

सांगली, १२ जून

प्रिय विन्या,

चार महिने पत्र नाही, तू चिडला असशील. भांडण भेटल्यावर. इकडे सगळे ठीक, आईचा गुडघा तसाच. आज लिहितोय ते सोनीसाठी, आपल्या गोल्डन रिट्रीव्हर कुत्रीसाठी, कारण अण्णा ऐकतात फक्त तुझं.

सोनीचे केस ओंजळीनं गळताहेत. शेपटीची झालर गेली, मांड्यांमागचे लांब केस गेले, पोटाखाली कातडी दिसते. अण्णांनी ठरवलंय की रविवारी मशीन फिरवून तिला तुळतुळीत करायची आणि पुढच्या माजावर पुन्हा नराला लावायची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्याली, नऊ पिल्लं. गळती लागली नवव्या आठवड्यात, म्हणजे अगदी वेळेवर. गाभणपणाचा आणि पाजण्याचा ताण पडला की केसांची मुळं एकदम विश्रांतीला जातात, आणि थांबलेला केस सुटायला दोनेक महिने लागतात. पिल्लं झाली नसती तरी थोडीफार गळती झालीच असती. माज ओसरल्यावर कुत्रीच्या अंगात प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गाभणपणाचं संप्रेरक, सुमारे दोन महिने चढलेलं राहतं, ती गाभण असो वा नसो. म्हणून पुष्कळ कुत्र्या माजानंतर तीन-चार महिन्यांनी झडतात. चंपीच्या वेळी तू ‘उष्णता’ म्हणून हटून बसलास, वर तिला ताक पाजलंस! ती हीच गळती होती, आणि हे मी अजूनही सोडणार नाही.

अण्णांना लूत वाटते. त्यांना म्हणावं, केस बाजूला सारून कातडी बघा. खाज नाही, खपल्या नाहीत, वास नाही आणि दोन्ही बाजूंना सारखंच विरळ, तर घाबरायचं नाही. खाजवत असेल किंवा गोल चट्टे असतील तर कातडी खरवडून तपासून घ्यावी. दिवाळीपर्यंत नवा केस फुटला नाही तर थायरॉइडची तपासणी. आणि माजानंतरच्या दोन महिन्यांत ती खूप पाणी प्यायला लागली, मलूल झाली किंवा पू जायला लागला, तर त्याच दिवशी दवाखाना. गर्भाशयात पू झाला तर जिवावर बेततं.

मशीन मात्र नकोच. गोल्डनच्या अंगावर दोन थर असतात. तासल्यावर आतली लोकर आधी भरते, वरचा लांब केस मागून, कधी तुकड्यातुकड्यांनी, कधी महिनोन्‌महिने येतच नाही. त्यापेक्षा कोमट पाण्यानं एक आंघोळ, मग कातडीपर्यंत कोरडं करणं. या पावसात आतली लोकर ओली राहिली की ओले फोड येतात. मग भांग पाडत पाडत, ओळीओळीनं, मुळापासून विंचरायचं. गाठी बसतात कानांमागे आणि काखेत.

मला खरं दुःख आहे ते खाण्याचं. पाजण्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुत्रीला नेहमीच्या अडीच-तीन पट लागतं, नऊ पिल्लं असली तर त्याहूनही जास्त. आणि तिला मिळत होता दूधभात. केस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. ते येणार कुठून? आता पिल्लांचंच खाद्य द्यावं, वर उकडलेलं अंडं, कच्चं नको. कच्च्या पांढऱ्यातलं द्रव्य बायोटिन, केसांना लागणारं जीवनसत्त्व, अडवून धरतं.

आणि माज. मागचा जानेवारीच्या सुरुवातीला होता, म्हणजे पुढचा जुलै-ऑगस्टमध्ये. पूर्ण केस यायला चार-सहा महिने जातात. अर्धी भरलेली सोनी परत गाभण! हा माज सोडलाच पाहिजे. पुढे पिल्लं नकोच असतील तर ऑपरेशन माजानंतर दोन-तीन महिन्यांनी, अंगात दूध नसताना. फक्त अण्णांना आधी सांग की ऑपरेशननंतर गोल्डनचा केस पुष्कळदा लोकरीसारखा फुलतो. तो दोष डॉक्टरांचा नाही, त्याला औषधही नाही, रोज विंचरायचं.

नव्या घराचं कळलं, फार आनंद झाला. चिऊचा बारावीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

शनिवारच्या आत अण्णांना फोन कर.

तुझा,
मध्या