टिकलीच्या पिल्लांबद्दल, ओंकारला

प्रिय ओंकार,

परवा फोनवर नीट बोलणं झालंच नाही, तिकडे सायलीची मीटिंग चालू आणि इथे रेंज येतेय जातेय, म्हणून लिहूनच पाठवते. घाईत वाचू नकोस, दोघांनी बसून वाचा. तुमची कुत्री टिकली पुढच्या महिन्यात परत हीटवर, म्हणजे माजावर, येईल तेव्हा तुझ्या मित्राच्या पॉमशी, म्हणजे पॉमेरेनियन नराशी, क्रॉस करायचं तुमचं चाललंय, एक पिल्लू आमच्यासाठी आणि बाकीची द्यायची, असं तू म्हणालास. मला पिल्लं नकोत असं अजिबात नाही रे. आपल्या चिंगी कुत्रीची दोन बाळंतपणं मी याच घरात केलीत. तू तेव्हा हॉस्टेलला होतास, तुझ्यापर्यंत फोटो आले ते महिन्याभराच्या गुबगुबीत पिल्लांचे, त्याच्या आधीचं काहीच तू बघितलेलं नाहीस. ते सांगायचंय.

पण पहिल्यांदा टिकलीच्या पायाचं. मे महिन्यात तुम्ही आंब्याला आला होतात तेव्हा ती पडवीच्या पायऱ्या चढताना मागचा डावा पाय मधेच वर उचलायची, दोनतीन पावलं तीन पायांवर उडी मारल्यासारखी टाकायची, मग पाय एकदा मागे ताणायची की परत सगळं नीट. सायली म्हणाली लाडात येते. मी तीन दिवस बघत होते, ते लाड नव्हेत. लहान जातीच्या कुत्र्यांत, पॉममध्ये तर फारच, गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते आणि ती सरकली की कुत्रं असंच चालतं. त्यात वाईट हे की ते आईबापाकडून पिल्लांत उतरतं. डॉक्टरांनी हाताने गुडघा चाचपला की त्यांना कळतं, त्याला मोठी मशीन लागत नाहीत. तेव्हा क्रॉसचं पुढचं बोलण्याआधी तिचे दोन्ही गुडघे दाखवून घे. वाटी सरकत असेल तर पिल्लांचा विषय तिथेच संपला असं समज, मग कितीही गोड दिसत असली तरी. मित्राच्या नराचंही तेच, त्याचे गुडघे, डोळे, दात आणि ब्रुसेलाची, म्हणजे क्रॉसमधून लागणाऱ्या जंतूंची, रक्ततपासणी. तो दोन किलोचा आहे, टीकप आहे, असं तू कौतुकाने सांगितलंस, पण टीकप नावाची जात नसते, ते विकणाऱ्यांनी दिलेलं नाव आहे. इतक्या बारक्या जनावराची पिल्लं जन्मतःच नाजूक, दोन वेळचं दूध चुकलं तर साखर उतरून थंड पडतात.

दुसरी गोष्ट वयाची. टिकली आता चौदा महिन्यांची. केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत, प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखालचे, खास कुत्र्यांच्या ब्रीडिंगसाठी. त्यात अठरा महिन्यांच्या आत मादी लावायची नाही, वर्षातून एकापेक्षा जास्त वेत नाही, जन्मात पाचपेक्षा जास्त नाहीत आणि आठ आठवडे पुरे व्हायच्या आत पिल्लू विकायचं नाही. विकायसाठी पिल्लं काढायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी पण लागते, मग तो घरातल्या घरात एकच कुत्री ठेवणारा का असेना. तू म्हणशील कोण बघतंय. कोणी बघत नसेल, पण ही अठरा महिन्यांची अट काही कोणी गंमत म्हणून नाही घातली. चौदा महिन्यांची पोर स्वतःच अजून पुरती भरलेली नसते, तिच्या हाडातलं काढून पिल्लांची हाडं करायची का आपण?

आणि पुढच्या महिन्यातच लावलीत तर दिवस मोजून बघ. क्रॉस झाल्यापासून साधारण ६३ दिवस, चारपाच दिवस इकडे तिकडे. जुलैच्या सुरुवातीला धर, म्हणजे सप्टेंबरात, ऐन गणपतीत. घरात चाकरमानी, आरत्या, फटाके, हायवेवर गाड्यांची रांग, आणि डॉक्टर पण माणूसच, तोही आपल्या गावी गेलेला. त्यात पावसाची ओल, सगळ्या अंथरुणांना कुबट वास, लाईटचा भरवसा नाही. तुमचा फ्लॅट तळमजल्यावर, २०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते मी तुला सांगायला नको. अशा दिवसात ओली बाळंतीण आणि डोळे न उघडलेली पिल्लं घेऊन बसायचं म्हणजे मुद्दाम संकट ओढवून घेणं.

आता बाळंतपणाचं. लोक म्हणतात कुत्री काय, कोपऱ्यात जाऊन आपली आपण विते. गावठी कुत्री विते, तिचं अंग त्यासाठीच घडलेलं असतं. पॉमचं कंबरडं अरुंद आणि पिल्लाचं डोकं त्या मानाने मोठं, त्यात पोटात एकच पिल्लू असलं तर ते एकटंच वाढून एवढं होतं की अडकतं. पग किंवा फ्रेंच बुलडॉगला तर कित्येकदा सीझरच करावं लागतं. चिंगीच्या पहिल्या खेपेला डॉक्टरांनी शेवटच्या आठवड्यात एक्स-रे काढायला लावला होता, पोटात किती आहेत ते मोजायला, कारण आकडा माहीत नसेल तर सगळी झाली की एखादं राहिलंय हे कळणार कसं? ५७व्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ तिचा ताप बघायचे, गुदद्वारातून. एरवी १०१-१०२ असतो, तो ९९ च्या खाली उतरला की चोवीस तासात कळा, हे चिंगीच्या बाबतीत दोन्ही वेळा बरोबर निघालं. बाबांनी आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या काढून एक मोठं खोकं केलं होतं आणि आतून चारी बाजूंनी चार बोटं उंचीवर काठी ठोकलेली, म्हणजे आई भिंतीला टेकून बसली तरी पिल्लू मागे चेंगरत नाही.

तीन गोष्टी तेव्हा डॉक्टरांनी मला वहीत लिहून घ्यायला लावल्या, त्या तू पण लिहून ठेव. अर्धा तास जोर लावतेय आणि काही येत नाही. एक झालं आणि आत अजून आहेत तरी दोन तासात पुढचं नाही. किंवा पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवट पाणी जायला लागलं. यातलं काहीही झालं की थांबायचं नाही, ओढाताण करायची नाही, गाडीत घालायची आणि डॉक्टर गाठायचा. तर मला हे सांग, रात्री दोन वाजता चिपळुणात कुत्रीचं सीझर कोण करतं, त्यांचा नंबर तुझ्याकडे आहे का, आणि ते नसतील तर दुसरं कोण? आपल्याकडे सरकारी दवाखान्यातले डॉक्टर बरेचसे गाईम्हशींच्या मागे फिरतीवर असतात, त्यांची चूक नाही, पण तुझं काम तेव्हा अडेल ना. हे क्रॉसच्या आधी विचारून ठेवायचं असतं.

पिल्लं झाली म्हणजे सुटलो असंही नाही. पहिले दोन आठवडे त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, डोळे दहाबारा दिवसांनी उघडतात, शी-शू सुद्धा आईने चाटल्याशिवाय होत नाही, आई करेनाशी झाली तर ओल्या कापसाने आपण करायचं. मी रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाटी ठेवून एकेकाचं वजन करायचे आणि ओळखायला नखांना वेगवेगळ्या रंगाची नेलपॉलिश. दुसऱ्या खेपेतलं सगळ्यात लहान नव्वद ग्रॅमचं होतं, बाकीची रोज वाढत होती आणि हे तिथल्या तिथे, मग एक दिवस कमी झालं. तोंडात बोट घातलं तर आतून गार. अशा वेळी आधी दूध पाजायचं नसतं, गार पडलेल्या पिल्लाला ते पचतच नाही, आधी अंगाशी धरून हळूहळू ऊब द्यायची आणि मग ड्रॉपरने थोडं थोडं. ते दूध पण पिल्लांचं म्हणून पावडर मिळते ते, आपलं गाईचं पातळ पडतं, कुत्रीच्या दुधात स्निग्ध आणि प्रोटीन बरंच जास्त असतं. दर दोन तासांनी, रात्रंदिवस. चौथ्या दिवशी ते गेलं. तुम्ही दोघं सकाळी नऊला बाहेर पडता आणि सातला येता, हे दोन तासांचं कोण करणार ते ठरवलंय का?

आणि मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल तर ती बाळंतपणाची नाही, त्याच्या नंतर तीन आठवड्यांनी जे झालं त्याची. पिल्लं टुणटुणीत, चिंगी खातपित होती, आणि एका दुपारी ती धापा टाकायला लागली, पिल्लांजवळ बसेना, माजघरातून पडवीत आणि पडवीतून माजघरात नुसत्या येरझाऱ्या. शेजारच्या काकू म्हणाल्या उकडतंय म्हणून करत असेल. मग तिचे पाय लाकडासारखे ताठ पडायला लागले आणि तोंडाची कातडी थडथड उडायला लागली. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलेलं म्हणून माझ्या लक्षात आलं, रक्तातलं कॅल्शियम उतरलंय. लहान जातीत हे होतं, एवढंसं अंग आणि दूध पिणारी चार तोंडं, दुधातून निघून जातं तेवढं अंगात भरून येत नाही. बाबांनी गाडी काढली, मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं, तुला गुहागर-चिपळूण रस्ता माहितीये, पंचेचाळीसेक किलोमीटर, तिचं अंग माझ्या हातात तापून भट्टी झालं होतं. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, एका हाताने स्टेथोस्कोप तिच्या छातीवर धरून थेंब थेंब, कारण भरभर दिलं तर हृदय थांबू शकतं. थोड्या वेळात थरथर थांबली आणि तिने मान वर केली. उशीर झाला असता तर झटके येऊन गेली असती. पिल्लांना मग वरच्या दुधावर ठेवलं. हे लिहिण्याचं कारण असं की तुझ्या मित्राने गाभणपणात कॅल्शियमचं सिरप चालू करायचा सल्ला दिलाय असं तू म्हणालास, ते अजिबात करू नकोस. आधीपासून बाहेरून मिळत राहिलं की हाडातून कॅल्शियम काढायची अंगाची सवय मंदावते आणि नेमकं दूध सुरू झाल्यावर घात होतो. चांगलं खाणं द्यायचं, पिल्लांसाठीचं फूड शेवटच्या दिवसांत चालतं, बाकी औषध डॉक्टर सांगतील तेवढंच.

सगळे पिल्लू मागतायत म्हणालास. मागतात रे, आपल्याकडेही मागायचे. पिल्लं दोन महिन्यांची झाली की एकाचं घरमालक नको म्हणतो, एकाकडे बाळ होणार असतं, एक फोनच उचलत नाही. तोपर्यंत दर दोन आठवड्यांनी जंताचं औषध, सहा-आठ आठवड्यांपासून लसी, आणि पार्वो, म्हणजे उलट्या-जुलाबाचा जीवघेणा रोग, शिरला तर अख्खी वेत दोन दिवसात जाते. पैसे मिळतील हे तर डोक्यातून काढूनच टाक, पॉमला एक ते चार पिल्लं, त्यात एक सीझर झालं की हिशोब खड्ड्यात. आणि देताना घर बघून द्यायचं. इतके केस असलेलं कुत्रं आपल्या दमट हवेत ठेवायचं म्हणजे रोज विंचरणं, गोचीड काढणं, पावसाळ्यात कातडीला बुरशी, वाडीवर राहणारा असेल तर रात्री आत घेणं, बिबट्या अंगणातून उचलून नेतो. सुट्टीला आलेल्या पोरांनी हट्ट केला म्हणून नेलेलं पिल्लू वर्षभरात कुठे असतं ते किनाऱ्यावर फिरायला गेलास की दिसेलच तुला. मी चिंगीची पिल्लं देताना प्रत्येकाला सांगितलं होतं, जमलं नाही तर कधीही परत आणा, रस्त्यावर सोडू नका. एक आलं परत, दीड वर्षाचं होऊन, ते म्हणजे आपला बंड्या. तुमच्या फ्लॅटमध्ये परत आलेलं ठेवायला जागा आहे का?

शेवटचं सायलीसाठी. तिच्या आईने तिला सांगितलंय की एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, नाहीतर कुत्रीला आजार होतात. हे सगळीकडे बोलतात, आणि यात काही तथ्य नाही. एक वेत झाल्याने कुठलाच आजार टळत नाही. उलट ऑपरेशन न केलेल्या कुत्रीला हीटनंतर महिना-दोन महिन्यांत गर्भपिशवीत पू होऊ शकतो, वय वाढेल तशी भीती जास्त, आणि तो जीवघेणा असतो. ऑपरेशन केलं तर ते टळतं, स्तनाच्या गाठींचा धोकाही लवकर केल्यास कमी होतो. टिकलीला आई व्हायची काही आस लागलेली नाही, तिला तुम्ही दोघं संध्याकाळी घरी आलात की पुरतं.

तर माझं म्हणणं एवढंच, ही हीट सोडाच. या आठवड्यात गुडघे दाखवा. ते नीट निघाले, नराचंही सगळं नीट निघालं आणि तुम्हा दोघांची खरंच तयारी असली तर पुढची हीट थंडीत येईल, तेव्हा ती वीस-एकवीस महिन्यांची असेल, हवा कोरडी, मग ५७व्या दिवसापासून मी तिकडे येऊन राहते, बाबा करतील इथलं. गुडघा खराब निघाला तर हीट संपल्यावर दोनतीन महिन्यांनी ऑपरेशन करून घ्या, त्यालाही मी येईन. डॉक्टर काय म्हणतात ते त्याच दिवशी कळव.

तुझी,
आई

ता. क. हीटचे तीन आठवडे तिला पट्ट्याशिवाय खाली नेऊ नका, रक्त थांबलं म्हणजे संपलं असं नसतं, उलट तेव्हाच ती नर घेते. तुमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी चारपाच कुत्री कायम असतात, एकाच वेताला दोन बाप पण होऊ शकतात, आणि भटक्यांशी संबंध आला की अंगाला लागणाऱ्या कॅन्सरच्या गाठी असतात त्या वेगळ्याच. गच्चीवर नेत जा.