चंद्रशिलांची साक्ष जपून घ्यावी

रविवारच्या पुरवणीतील चंद्राच्या चुंबकत्वावरील लेख वाचनीय होता. मात्र ‘अपोलो’ मोहिमांनी आणलेला प्रत्येक चुंबकित खडक हा चंद्राच्या गाभ्यातील प्राचीन चुंबकीय क्षेत्राचा थेट पुरावा मानण्याचा त्यातील सूर घाईचा वाटला. उल्का आदळताना खडकातून जाणारी दाबलहर त्यातील लोहकणांवर दोन्ही अंगांनी परिणाम करते: आधीचे चुंबकत्व ती बरेचसे पुसून टाकू शकते आणि त्या क्षणी भोवती क्षेत्र असेल, तर खडक फारसा न तापताही त्यात नवी नोंद उमटवू शकते.

‘अपोलो १७’ने १९७२ मध्ये आणलेल्या ७६५३५ क्रमांकाच्या, सुमारे ४२५ कोटी वर्षे जुन्या खडकाला एवढे महत्त्व मिळाले ते याचमुळे. त्याच्या स्फटिकांवर तीव्र आघाताची खूण नाही, शिवाय तो अतिशय संथपणे थंड झाला. आघाताने काही काळापुरते निर्माण होणारे क्षेत्र अशा खडकात नोंदले जाणे कठीण. म्हणूनच २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याच्या चुंबकत्वाचे मूळ दीर्घकाळ टिकलेल्या क्षेत्रात शोधले.

प्राचीन क्षेत्राची कल्पना मलाही मान्य आहे. हरकत आहे ती खडकाने आघात सोसला आहे का, हे तपासण्याची मधली पायरी गाळण्याला. बेसाल्टवर आदळलेल्या उल्केचे परिणाम तर आपल्या लोणारलाच पाहता येतात, आणि तेथील खडकांच्या चुंबकीय गुणधर्मांचा अभ्यासही झाला आहे. मराठी लेखात त्याचा निदान एका ओळीत उल्लेख हवा होता.

— भूगोलाचा एक निवृत्त शिक्षक, मेहकर